तायडे काकांचे दोन ढीग

वस्तू ओळखायची तर आधी तिचं बूड बघावं, तोंड नंतर, असं तायडे काकांचं मत होतं. ते मत त्यांनी कधी कुणावर लादलं नाही. ते आपले बघत राहायचे. बशी, तवा, शेजारणीने दिलेली जॅमची बरणी, जे हाताला लागेल ते उलटं व्हायचं. आमची पहिली भेट जिन्यात झाली, तेव्हा त्यांच्या सुनेकडून उसना आणलेला कुकर मी परत द्यायला निघालो होतो. "आण इकडे," म्हणून त्यांनी तो माझ्याकडून घेतला, उलटा केला आणि बुडावरचा शिक्का वाचून म्हणाले, "आपलाच आहे." कुकर मी घाईत विसळून आणला होता. आत उरलेलं पाणी माझ्या मोज्यांवर सांडलं. काकांनी मोज्यांकडे पाहिलं. "धुतलेला पुसावा," एवढं बोलून ते वर गेले.

जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या एका गावात आम्ही राहायचो. तिसऱ्या मजल्यावर प्रशांत तायडे, त्याची बायको सुषमा आणि त्यांची लेक. तळमजल्यावर मी, एकटा. प्रशांत मोटारींच्या कारखान्यात होता. मी त्याच कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. फुटबॉलच्या वर्ल्डकपचा तो उन्हाळा. समोरच्या प्रत्येक बाल्कनीत झेंडे लागले होते आणि प्रशांतचे वडील तीन महिन्यांच्या व्हिसावर भुसावळहून आले होते. आजोबांनी मराठीत काही विचारलं की नात जर्मनमध्ये उत्तर द्यायची. आजोबा "बरं बरं" म्हणायचे आणि दोघंही आपापल्या जागी खूश असायची.

काकांची सगळी नोकरी सरकारी दारूगोळा कारखान्यात झाली होती, तीही तपासणीच्या टेबलावर. तयार झालेलं रायफलचं काडतूस त्यांच्यापुढे यायचं. ते त्याचं बूड बघायचे, मान बघायची, बोटांत फिरवायचे आणि दोनपैकी एका ढिगात टाकायचे. एक ढीग 'चालेल'चा, दुसरा 'नाही'चा. मी एकदा त्यांना गमतीने म्हटलं, "काका, रोज सकाळी बुद्धवंदना म्हणता आणि जन्मभर गोळ्यांच्या कारखान्यात काम केलंत. हे कसं जमवलंत?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "गोळ्या बनवणारे दुसरे होते. मी गोळ्या अडवायला नोकरीला होतो." मग त्यांनी मला विचारलं, की मी काय करतो. मी जरा छाती पुढे काढूनच सांगितलं, की मी क्वालिटी इंजिनिअर आहे, डॉक्टरेटही त्यातच केली आहे.

"म्हणजे एकाच धंद्यातले आपण," काका म्हणाले. "दिवसाला किती पीस बघतोस?"

मी सांगितलं, की मी पीस बघत नाही, रिपोर्ट बघतो.

"आणि पीस कोण बघतं?"

हे मला नक्की माहीत नव्हतं. त्या दिवसापासून ते मला 'इंजिनिअर' म्हणायला लागले. त्यात किती मान होता आणि किती थट्टा, याचा हिशोब मी आजवर टाळत आलो आहे.

जर्मनीत त्यांना पहिल्या आठवड्यात काहीच आवडलं नाही. पावाला तिखट नव्हतं आणि बाहेर माणसं नव्हती. मग एके दिवशी सुषमाने दुकानातून अंडी आणली. इथे प्रत्येक अंड्यावर छापील शिक्का असतो: कोंबडी कशी ठेवली होती, कुठल्या देशातली, कुठल्या खुराड्यातली. काकांनी खिशातलं भिंग काढलं आणि दहाही अंडी ओट्यावर ओळीने मांडली. सुषमाने आमलेट करायला अंडी मागितली, तर म्हणाले, "थांब गं, दोन आकडे पुसट आहेत." संध्याकाळी मी गेलो तर मला हात धरून ओट्याशी नेलं. "इंजिनिअर, या देशात अंड्यालासुद्धा हेडस्टँप आहे." काडतुसाच्या बुडावर जो शिक्का असतो त्याला ते हेडस्टँप म्हणायचे. त्यानंतर जर्मनीविषयी त्यांनी वाईट उद्गार काढला नाही.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढची लाज कळायची नाही. माझी नोकरी कराराची होती आणि करार वर्षअखेर संपणार होता. तो वाढवायचा की नाही, हे माझे विभागप्रमुख हेर लोखनर, म्हणजे श्रीयुत लोखनर, ठरवणार होते. हेर लोखनर गावाच्या नेमबाजी क्लबचे, शूट्झनफेरायनचे, अध्यक्षही होते. म्हणून मला नेमबाजीची आवड निर्माण झाली. कॉलेजात कवायतीच्या तासाला मी पाच गोळ्या झाडल्या होत्या आणि त्यांपैकी दोन शेजारच्या मुलाच्या निशाणावर लागल्या होत्या, त्यामुळे तो पहिला आला होता. हेर लोखनरना मी यातला फक्त पहिला अर्धा भाग सांगितला. ते म्हणाले, "आल्झो, तर मग रविवारी या."

क्लब द्राक्षमळ्यांच्या वर, झाडीत होता. तिथे दर रविवारी सहा-सात म्हातारे जुन्या लष्करी रायफली घेऊन यायचे आणि शंभर मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायचे. त्यात दोन थ्री-नॉट-थ्री होत्या, आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर दिसायच्या त्याच. त्यांची नवी काडतुसं महाग, म्हणून क्लबवाले लष्करातून बाद झालेली जुनी वापरायचे. अशी सुटी काडतुसं एका लोखंडी पेटीत साठली होती. कुठली कधीची, कुणाला ठाऊक नव्हतं. मी उत्साहात बोलून गेलो, की आमच्या इमारतीत एक तज्ज्ञ आहेत. तज्ज्ञ आणल्याने माझी किंमत वाढेल असा माझा अंदाज होता.

काका आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशात भिंग आणि फडक्याचा तुकडा घेऊन. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना टेबलाशी खुर्ची दिली. शेजारी क्लबचा देखरेखीचा माणूस बसला, कारण पाहुण्याने काडतुसाला हात लावायचा तर तसा नियम होता. काकांनी एक काडतूस उचललं, पुसलं, उलटं केलं. "ही अक्षरं कारखान्याची. हे दोन आकडे वर्षाचे. हा सात म्हणजे गोळीची जात. त्याच्यापुढे इंग्रजी झेड असला तर आत नवी दारू, नसला तर जुनी, शेवयांसारखी. आणि हे बुडाच्या मधल्या कॅपभोवती जांभळं कडं आहे ना, म्हणजे साधी गोळी. कडं दुसऱ्या रंगाचं असलं तर बाजूला ठेवायची, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." मी भाषांतर करत होतो. दोन तासांत पेटी रिकामी झाली आणि टेबलावर दोन ढीग झाले.

मी विचारलं, "आणि ज्यांचं नक्की सांगता येत नाही त्यांचं काय? त्यांचा तिसरा ढीग करू या का, 'बघू'चा?"

"कारखान्यात 'बघू'चा ढीग नसतो," काका म्हणाले. "ज्याचं सांगता येत नाही ते 'नाही'."

म्हातारे जर्मन मान डोलावत होते. एकाने "गेनाऊ", अगदी बरोबर, असं म्हटलं, मी भाषांतर करण्याआधीच. त्या दिवसापासून काका तिथले 'हेर इन्स्पेक्टर' झाले. घरी त्यांना कुणी काही विचारत नसे. टीव्हीचा रिमोटसुद्धा त्यांच्या हातात द्यायला सगळे घाबरायचे. इथे मात्र त्यांची खुर्ची ठरली. रविवारी सकाळी सातपासून ते बूट घालून बसलेले असायचे आणि क्लब दहाला उघडायचा.

क्लबमध्ये ते यायचे ते दोन थर्मास घेऊन. एकात चहा, दुसऱ्यात उकळतं पाणी. पाणी कशासाठी, ते त्यांनी पहिल्याच वेळी समजावलं होतं. जुन्या काडतुसांच्या कॅपमध्ये एक क्षार असतो. गोळी सुटली की तो नळीत बसतो, हवेतला ओलावा ओढतो आणि दोन दिवसांत नळी गंजवतो. क्लबवाले नळी महागड्या तेलाने पुसायचे. काका म्हणाले, "मीठ तेलात विरघळतं का? पाण्यात विरघळतं. आधी उकळतं पाणी, मग कोरडं फडकं, मग तुमचं तेल." हेर लोखनरना हे फार पटलं. एका रविवारी त्यांनी आपली रायफल झाडून झाल्यावर काकांसाठी इकडेतिकडे पाहिलं. काका तेव्हा बाथरूमला गेले होते. संधी साधावी म्हणून मी पुढे झालो, थर्मास उचलला, रायफलच्या मागच्या बाजूने नरसाळं लावलं आणि साहेबांच्या थ्री-नॉट-थ्रीच्या नळीत आल्या-वेलदोड्याचा, भरपूर दुधाचा, खानदेशी हाताने साखर घातलेला चहा ओतला.

दोन्ही थर्मास दिसायला सारखे होते. चहाच्या थर्मासच्या बुडाला सुषमाने ओळखीसाठी नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. बूड मी बघितलं नव्हतं.

काका परत आले. नळीच्या तोंडातून थेंब थेंब पडणारा चहा त्यांनी थोडा वेळ पाहिला. "गाळून घेतलेला होता," ते म्हणाले, "पत्ती नाही अडकायची." मग खुर्चीवर बसून त्यांनी ती रायफल तीनदा पाण्याने धुतली, कोरडी केली, उजेडाकडे धरून आरपार पाहिली आणि हेर लोखनरच्या हातात दिली. हेर लोखनरनी नळीला नाक लावलं. "ख्रिसमसच्या केकचा वास येतोय," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, पण माझा करार मला नळीतून वाहून जाताना दिसत होता.

पुढे जे झालं त्यात मात्र हसण्यासारखं काही नाही.

क्लबचा एक जुना सभासद वारला होता. त्याच्या बायकोने त्याच्या खोलीत ठेवलेल्या थ्री-नॉट-थ्रीच्या दोन पेट्या रीतसर कागद करून क्लबला देऊन टाकल्या. पुढच्या शनिवारी शेजारच्या गावाशी मैत्रीचा सामना होता. दोन पेट्या आयत्या मिळाल्याने हेर लोखनर लहान मुलासारखे खूश होते. रविवारी त्यांनी एक पेटी काकांपुढे ठेवली आणि स्वतः लांब टोकाला, निशाणाचे कागद लावायला गेले.

काकांनी दहा काडतुसं काढली. बुडं स्वच्छ होती, शिक्के सुबक होते, सगळी एकाच कारखान्याची, एकाच वर्षाची. मग त्यांनी मानेपाशी भिंग धरलं आणि काडतूस हळूहळू फिरवलं. "हे बघ," शेवटी म्हणाले. पितळेवर केसाएवढी एक उभी रेघ होती. मला आधी ती भिंगावरचीच वाटली. दहापैकी सातांवर तशीच रेघ होती आणि एकावर ती मानेवरून खाली, पुंगळीच्या अंगात उतरली होती.

"कुठे ठेवल्या होत्या विचार."

मी देखरेखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, तबेल्याला लागून एक खोली आहे, तिथे. वारलेल्या माणसाला घोड्यांचा नाद होता.

काकांनी भिंग खिशात ठेवलं. "पितळेला घोड्याचं मूत सोसत नाही," ते म्हणाले. "त्याची वाफ लागून लागून ते तडकतं. इंग्रजांनी आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यांत काडतुसं ठेवली होती, तेव्हा त्यांना हे कळलं. आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. गोळी झाडली आणि पुंगळी अंगात फाटली तर आग पुढे जायच्या ऐवजी मागे येते, झाडणाऱ्याच्या तोंडावर." त्यांनी दहाही काडतुसं परत पेटीत टाकली आणि झाकण लावलं. "नाही. दोन्ही पेट्या नाही. सगळा लॉट नाही. जा, साहेबांना सांग."

मी शंभर मीटर चालत गेलो. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय आलं ते मी आज सांगू शकतो, कारण त्यातलं काहीच विसरलेलो नाही. शनिवारचा सामना. साहेबांचा आनंद. चहा. करार. आणि आमच्या घरचं वळण. आमच्याकडे 'नाही' कुणी म्हणत नाही. 'बघू' म्हणतात, 'जमलं तर करू' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याने काय ते समजायचं असतं. मी हेर लोखनरना म्हटलं, की हेर तायडे म्हणताहेत काडतुसं फार चांगल्या कारखान्याची आहेत, शिक्के उत्तम आहेत, अर्थात जुनी आहेत, साठवण आदर्श नव्हती, त्यामुळे काही काडतुसांकडे कदाचित एकदा बारकाईने बघावं लागेल, शक्य झालं तर.

"आल्झो," हेर लोखनर म्हणाले, "इम प्रिन्झिप ठीक आहेत?"

"इम प्रिन्झिप, जा," मी म्हणालो. तत्त्वतः, हो.

हेर लोखनरनी लांबून काकांना अंगठा दाखवला. काकांना वाटलं, समजलं त्यांना. त्यांनी खुर्चीतूनच हात जोडले. हेर लोखनरना वाटलं, हा आशीर्वादच आहे. मी परत आलो तेव्हा काकांनी विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणालो, "हो, बघतो म्हणाले."

शनिवारी काका आले नव्हते, नातीच्या शाळेत कार्यक्रम होता. हेर लोखनर पहिले झाडायला बसले. तीन गोळ्या नीट गेल्या. चौथीचा आवाज वेगळा आला, फुटका. हेर लोखनरनी रायफल अगदी हळू खाली ठेवली, नळी निशाणाकडेच राहील अशी, आणि मग हात चेहऱ्याकडे नेला. चष्म्याची डावी काच तडकली होती. तिच्याखाली गाल काळा झाला होता आणि त्यातून रक्त येत होतं. त्यांना गाडीत घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. गालाला टाके पडले. डॉक्टर म्हणाले, चष्मा नसता तर डोळा गेला असता.

हॉस्पिटलच्या बाकावर कुणीतरी म्हणालं, "पण हेर इन्स्पेक्टरनी तर पास केल्या होत्या ना?"

मी तिथेच होतो. मी हेर लोखनरसाठी पाण्याची बाटली उघडत होतो आणि ती बाटली उघडायला मला फार वेळ लागला. हेर लोखनर टाके घालून बाहेर आले आणि त्यांनीच उत्तर दिलं, "जाऊ दे. म्हातारा माणूस आहे. नजर चुकली असेल." क्लबच्या वहीत घटनेची नोंद झाली. काडतुसं कुणी तपासली या रकान्यात काकांचं नाव लिहिलं गेलं. स्पेलिंग मीच सांगितलं.

सोमवारी गालाला पट्टी लावून हेर लोखनर ऑफिसला आले आणि माझ्या कराराच्या मुदतवाढीवर त्यांनी सही केली. हात मिळवला. मी जागेवर येऊन बसलो आणि मला स्वतःची शिसारी आली. ती शिसारी मी पाच दिवस सांभाळली. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाहीच, भाषेतलाच फरक, मी तर सांगितलंच होतं, असं रोज ऑफिसला जाताना स्वतःला पटवायचो. जाताना पटायचं, येताना पटायचं नाही.

बुधवारी प्रशांतने जिन्यात गाठलं. क्लबमधल्या कुणीतरी त्याला सगळं सांगितलं होतं. "बाबांना बोलू नकोस काही," तो म्हणाला. "मी त्यांना सांगितलंय, क्लबला सुट्टी आहे. अरे, वय झालंय त्यांचं. मागच्या आठवड्यात शेगडी चालू ठेवून फिरायला गेले. आता सुषमाला त्यांना एकटं ठेवायची भीती वाटते. परत गेल्यावर भुसावळचं घर बंद करून ताईकडे ठेवावं म्हणतोय." मी "अच्छा" म्हणालो. आयुष्यात मी अनेक निरर्थक शब्द बोललो आहे, त्यात या 'अच्छा'चा नंबर पहिला लागेल.

शनिवारी सकाळी काकांनीच वर बोलावलं. घरातले बाजारात गेले होते. ते बाल्कनीत बसले होते. सुषमाने झाकून ठेवलेले पोहे पुढे होते, बशीला हात लागला नव्हता. प्रशांत आणि सुषमाचं अपघाताविषयीचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"इंजिनिअर, एक विचारतो. खरं सांगशील?"

"विचारा काका."

"त्या तबेल्यातल्या लॉटला मी काय म्हणालो होतो?" माझ्या उत्तराची वाट न बघता ते पुढे बोलले. "मला आठवतं, की मी नाही म्हणालो. झाकण लावल्याचंही आठवतं. पण परवा माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला आणि तो मी तिथे ठेवल्याचं मला आठवत नाही. मग हे आठवतं ते तरी खरं कशावरून? म्हणायचं होतं नाही आणि तोंडातून गेलं असेल चालेल. त्या साहेबाचा डोळा जात होता." ते समोरच्या झेंड्यांकडे बघत होते. "तीन दिवस मी मागचे लॉट आठवत बसलोय. कारखान्यातले. तेही मी बरोबर बघितले की नाही, मला आता सांगता येत नाही. कुठे तरी, कुणाच्या तरी हातात..."

आजवर मी त्यांना असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्यांना इतकं घाबरवणारा मी होतो, आणि तेही एका सहीसाठी.

"काका, तुम्ही नाही म्हणालात," मी म्हणालो. "सगळा लॉट नाही, असं म्हणालात. जा, साहेबांना सांग, असंही म्हणालात. मी सांगितलं नाही. गोल गोल बोललो. ते 'तत्त्वतः ठीक ना?' म्हणाले, तर मी हो म्हणालो."

"परत सांग."

मी परत सांगितलं. तसंच, शब्दाला शब्द.

"म्हणजे मी नाही म्हणालो होतो."

"हो."

मी शिव्यांची वाट बघत होतो. मला त्या हव्याच होत्या. काकांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसताहेत की रडताहेत, मला कळेना. दोन्ही होतं. "मला वाटलं, डोकं गेलं माझं," ते म्हणाले. रुमालाने चेहरा पुसून उठले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. "चल. गाडी काढ."

हेर लोखनर क्लबच्या आवारात होते. उरलेल्या पेट्या नेऊन नष्ट करणारे लोक येणार होते, त्यांची वाट बघत उभे होते. आजूबाजूला चार-पाच सभासद. काकांना पाहून त्यांनी हात पुढे केला आणि मला म्हणाले, "यांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. चूक कुणाचीही होते."

हे मी काकांना सांगितलं नाही. जर्मनमध्येच म्हणालो, "एर हाट नाइन गेझाग्ट." ते नाही म्हणाले होते.

"कधी?"

"त्याच दिवशी. मी तुम्हाला तसं सांगितलं नाही."

हेर लोखनरनी माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन वही आणली. पट्टी ठेवून त्यांनी ती ओळ खोडली आणि खाली दुसरी लिहिली. काकांना ती वाचता येणार नव्हती, तरी वही त्यांच्यापुढे धरली. काकांनी स्वतःचं नाव शोधून त्यावर बोट ठेवलं. तिथे कुठला शब्द लिहिलाय, ते मी बोट दाखवून सांगितलं. ते चार अक्षरांचं 'नाइन' त्यांनी दोनदा बघितलं.

मग माझ्याकडे वळले. "आत्ता पहिल्यांदा तोंड उघडलंस तेव्हा किती शब्द बोललास?"

मी मोजले. "चार."

"त्या दिवशी मी इथून बघत होतो," काका म्हणाले. "केवढा वेळ बोलत होतास."

हेर लोखनर मला "सोमवारी बोलू" म्हणाले आणि सोमवारी फार बोलले नाहीत. करार त्यांनी फाडला नाही. पण पुढची दोन वर्षं माझा एकही रिपोर्ट दुसऱ्या माणसाच्या सहीशिवाय त्यांनी पुढे जाऊ दिला नाही, आणि त्या दोन वर्षांत मी खरोखर पीस बघायला शिकलो. भुसावळचं घर बंद झालं नाही. काका त्यानंतरच्या मंगळवारी भुसावळला परत गेले तेव्हा मी कामावर होतो. रजा मागायची हिंमत नव्हती.

त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे ते उभे राहतात ते त्या शनिवारचेच. वही मिटली, सभासद पांगले. हेर लोखनर वाकून काकांना काहीतरी सांगू लागले, जर्मनमध्ये. काका त्यांना मराठीत काहीतरी विचारत होते. मग काकांनी दोन बोटांनी त्यांची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि गालावरचे टाके एकेक करून पाहिले. आमचे विभागप्रमुख मुकाट्याने मान वाकडी करून उभे होते. पाहून झाल्यावर काकांनी मान हलवून काहीतरी सांगितलं आणि हेर लोखनर "जा, जा", हो हो, असं म्हणाले. मी सात-आठ पावलांवर उभा होतो, भाषांतराला तयार. मला कुणी बोलावलं नाही.